पिकअप खाली घेताना आणि नवं बोनेट बसवताना : कोल्हापूरकरांसाठी पायरीपायरीने

पिकअप दोन इंच खाली आणणं हे चांगल्या मिस्त्रीसाठी एका दिवसाचं काम आहे. पण त्या दोन इंचांनी ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा), हेडलाइट, टायर आणि गाडीचे कागद या सगळ्यांचा हिशोब बदलतो, आणि तो हिशोब परत जुळवून देणारे फार थोडे भेटतात. कोल्हापुरात हौस करणारी पोरं खूप आहेत, हातात कसब असलेले कारागीरही आहेत. कमी पडते ती कामाच्या क्रमाची माहिती. मी हे सगळं माझ्या दुहेरी केबिनच्या, पांढऱ्या पाटीच्या पिकअपवर करून घेतलंय. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने देतोय.

१. आधी कागद, मग पाना

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी न जुळणारा फेरबदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचा. खाली घेतलेली गाडी आणि वेगळं बोनेट हे दोन फेरबदल धरले जाऊ शकतात.

म्हणून आधी ताराबाई पार्कातल्या आरटीओ कार्यालयात जा. काय काय करणार ते एका कागदावर साध्या भाषेत लिहून न्या आणि मोटार वाहन निरीक्षकांना दाखवा. ऑनलाइन वाहन पोर्टलवर फेरबदलाच्या अर्जाची सोय आहे, पण तोंडी बोलून गेलं की अर्जात नेमकं काय लिहायचं ते कळतं. परवानगी मिळेलच असं गृहीत धरू नका. नकार आला तर उंचीला हात लावायचा नाही. मूळ आकाराचं, मूळ रंगाचं बदली बोनेट एवढ्यावर थांबायचं आणि थेट आठव्या पायरीवर जायचं. परवानगी मिळून काम झालं, तर १४ दिवसांच्या आत ते आरटीओला कळवायचं असतं.

सोबत लागणारे कागद:

- मूळ आरसी, चालू विमा पॉलिसी, पीयूसी, मालकाचा ओळख आणि पत्त्याचा पुरावा
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं लेखी संमतीपत्र (हे बहुतेक जण विसरतात)
- बसवणार त्या सुट्या भागांची जीएसटी बिलं आणि त्यावरचे पार्ट नंबर
- चारही बाजूंनी काढलेले कामाआधीचे फोटो
- विमा कंपनीला पाठवलेल्या पत्राची किंवा ईमेलची प्रत

विमा कंपनीला कळवलं नाही आणि पुढे अपघात झाला, तर दावा नाकारायला त्यांच्या हातात आयतं कारण मिळतं. बोनेट काळं आणि गाडी पांढरी असा विचार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : आरसीवर रंगाचीही नोंद असते.

पिवळ्या पाटीची, मालवाहतुकीची पिकअप असेल तर माझं स्पष्ट मत आहे, खाली घेऊ नका. तिला फिटनेसला उभं राहायचं असतं, आणि तिच्या कमानीची (मागच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची) उंची मालाच्या वजनासाठी असते.

२. गाडीखाली झोपून बघा

कुठलाही भाग विकत घ्यायच्या आधी गाडी रॅम्पवर घ्या आणि दोन गोष्टी बघा.

पहिली मागे. कमान, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पाट्यांचा गठ्ठा, एक्सलच्या वर बसलाय की खाली? व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या उंच गाड्यांत तो एक्सलच्या वर असतो. अशा गाडीत एक्सल आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घातला तर गाडी खाली न येता वर जाते. कमान एक्सलच्या खालून गेलेली असेल तरच ठोकळा गाडी खाली आणतो. हे न बघता परदेशी व्हिडिओवरून ठोकळे मागवणारे खूप आहेत.

दुसरी पुढे. कॉइल स्प्रिंग आहे, टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा) आहे की पुढेही कमानच आहे? पुढेही कमान असलेली पिकअप खाली घ्यायच्या भानगडीत पडू नका. त्यात स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडतात आणि ते सावरायला बराच खर्च येतो.

३. किती खाली घ्यायची

माझं उत्तर : मागे ५० मिलिमीटर, पुढे ४० च्या आसपास. पिकअपचा मागचा भाग रिकाम्या गाडीत मुळातच उंच असतो, त्यामुळे एवढ्यानेही गाडी सरळ, बसकी दिसते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे चढ-उतार सावकाश. आपल्या पेठांत आणि गावांच्या वेशीवर लोकांनी रातोरात घातलेले गतिरोधक तसे नसतात. ते अरुंद आणि टोकदार असतात आणि गाडीच्या पोटालाच लागतात. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याच्या कडा, जोतिबाच्या वाटेवरची वळणं, गगनबावड्याकडचे घाट हे सगळं गृहीत धरा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं. गाडी जितकी खाली घ्याल तितकी तिची पाण्यातून जायची मर्यादाही कमी होते, कारण इंजिनात हवा ओढणारं तोंडही तेवढंच खाली येतं.

अजून एक आकडा तुमच्याच गाडीवर मोजा : एक्सल आणि चासीचा रबरी स्टॉपर यांच्यातली मोकळी जागा. समजा ती ८० मिलिमीटर आहे आणि तुम्ही गाडी ५० ने खाली घेतली. उरले ३०. पहिल्याच खड्ड्यात एक्सल स्टॉपरवर आदळणार आणि तो दणका थेट चासीला जाणार. जागा कमी असेल तर कमी खाली घ्या. चासीला अर्धगोल खाच पाडून देतो असं कुणी म्हणालं, तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. चासी कापायची नसते.

४. मोजमाप आणि साहित्य

सपाट फरशीवर गाडी उभी करा, चारही टायरांत हवा कंपनीने सांगितली तेवढी भरा, हौदा रिकामा ठेवा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा आणि डिझेलचा काटा कुठे होता तेही लिहा. जमिनीपासूनचं अंतर मोजू नका, टायर झिजला की ते बदलतं. ही चार मापं पुढे प्रत्येक पायरीला लागतात. सहाव्या पायरीतल्या ब्रेकच्या सळईचं मापही आत्ताच घेऊन ठेवा.

साहित्य : ३ टनी ट्रॉली जॅक, चासीखाली लावायचे चार स्टँड, चाकांना लावायच्या लाकडी उटी, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना), गोटी पान्यांचा पूर्ण संच, गंज सोडवायचं तेल, वायर ब्रश, मार्कर, नवे यू-बोल्ट (कमान एक्सलला बांधणारे), नवे सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारे). नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

५. मागचा भाग

कमान एक्सलच्या वर असेल तर सुरक्षित वाट एकच. पाट्यांचा बाक कमी करून घ्यायचा, म्हणजे गठ्ठा सोडवून प्रत्येक पाटा थोडा सपाट करायचा. हे काम ट्रकच्या कमानी करणाऱ्या मुरलेल्या कारागिराकडेच द्या. पाटा थंडच ठोकून सेट करणार का, हे आधी विचारा. कमानीचं पोलाद तेलात विझवून, परत ठराविक तापमानाला तापवून तयार केलेलं असतं. गॅसच्या ज्वाळेने एका जागी लाल केलं की त्या जागेचं टेम्पर जातं. मग तो पाटा तिथेच बसतो किंवा तुटतो, आणि तुटतो तो भरल्या गाडीत.

एखादा पाटा काढून टाका, हा सल्ला सगळीकडे मिळेल. गाडी खाली येते हे खरं, पण उरलेल्या पाट्यांवरचा भार वाढतो, ब्रेक मारताना एक्सल पिळवटतो आणि आरसीवर लिहिलेलं वजन उचलायची ताकद गाडीत राहत नाही. मी पाटा काढला नाही, तुम्हीही काढू नका.

जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तेवढीच पकड देत नाही. नवे घेताना मजबुतीचा शिक्का बघा. साधा गज वाकवून, आटे पाडून दिलेले बोल्ट दिसायला सारखेच असतात. घट्ट करताना चारही नट आळीपाळीने, तिरप्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळा.

कमान सपाट झाली की ती लांबीला वाढते, त्यामुळे मागची शॅकल (कमानीचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) मागे झुकते. ती चासीला टेकत नाही ना, हे गाडी भरून बघा.

आणि हे सगळ्यात जास्त चुकतं : कमानीच्या दोन्ही टोकांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. नुसते हाताला लागतील एवढे बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून हलवा आणि मग आवळा. हवेत आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात, थोड्या दिवसांत फाटतात आणि तोपर्यंत गाडी ठरल्या उंचीवर बसतच नाही.

एक्सल वर सरकल्यामुळे प्रोपेलरच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन बदलतात. ठराविक वेगाला गाडीखालून घरघर आली तर चाकांचं बॅलन्सिंग करत बसू नका, आधी हा कोन तपासा. कमान आणि एक्सलमध्ये पोलादी पाचर बसवून तो सुधारतो. शिवाजी उद्यमनगरात अशी पाचर मापाने करून देणारे मशीन शॉप आहेत. कोन आधी मोजून न्या, अंदाजाने पाचर करून घेऊ नका.

६. ब्रेकचा व्हॉल्व्ह

ही पायरी स्वतंत्र ठेवली, कारण माझ्या मते सगळ्या कामातला हाच खरा जीवन-मरणाचा भाग आहे आणि नेमका हाच कुणी करत नाही.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक सळई किंवा स्प्रिंग गेलेली असते. गाडीत माल भरला की चासी एक्सलच्या जवळ येते, सळई सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे हलकी मागची चाकं जागच्या जागी जाम होऊन घसरत नाहीत.

आता तुम्ही गाडी ५० मिलिमीटर खाली घेतली. व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे. रिकाम्या गाडीतही तो पूर्ण दाब सोडतो. कोरड्या रस्त्यावर कदाचित जाणवणार नाही. जून-जुलैत, ओल्या डांबरावर, उतारावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी फिरते.

म्हणून कमान सोडायच्या आधीच, गाडी चाकांवर उभी असताना त्या सळईचा कोन आणि लांबी मोजून फोटो काढून ठेवा. गाडी खाली आल्यावर, रिकाम्या अवस्थेत सळई परत त्याच कोनात येईल असं तिचं टोक जुळवून घ्या. नेमकी मापं कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतात, मिस्त्रीला ती उघडून बघायला लावा. व्हॉल्व्ह गंजून जाम झालेला असेल तर बदला. तो काढून पाइप सरळ जोडून देण्याची पद्धत कुठे कुठे दिसते, ती अजिबात मान्य करू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत हे काम एबीएसची (चाकं जाम होऊ न देणारी) यंत्रणा करते आणि असा व्हॉल्व्ह नसतो. तुमच्या गाडीत काय आहे ते रॅम्पवरच बघून घ्या.

नंतर मोकळ्या, कोरड्या जागेत कमी वेगात ब्रेक मारून बघा. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत.

७. पुढचा भाग

टॉर्शन बार असेल तर काम सोपं आहे. बोल्टची मूळ जागा मार्करने खुणवा, दोन्ही बाजूंना सारखेच आटे सोडा, गाडी थोडी फिरवून आणा आणि परत मोजा. दोन्ही बाजूंचं माप थोडं वेगळं येतं, ते बारीक फिरवून जुळवा.

कॉइल स्प्रिंग असेल तर खाली घेण्यासाठीच बनवलेली छोटी स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअप असा जोड घ्या. ग्राइंडरने स्प्रिंगचा वेढा कापून देणारे भेटतील. कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही, जास्त कडक होते आणि चाक खड्ड्यात लोंबकळलं की जागेवरून सुटू शकते. स्प्रिंग दाबून काढणं हे घरी करायचं कामच नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो.

पुढची उंची कमी झाली की चाकं वरून आत झुकतात (हा झुकाव म्हणजे कॅम्बर) आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, बदलतो. त्यामुळे व्हील अलाइनमेंट सक्तीचं आहे. कॅम्बर जुळत नाही असं मशीनवाला म्हणाला, तर वरच्या आर्मच्या शिम (पातळ चकत्या) किंवा बोल्टने जुळतं का ते विचारा. तरीही जुळलं नाही तर तेवढी गाडी परत वर घ्या. नाही तर टायर आतल्या कडेने खाल्ले जातील.

त्याच दिवशी हेडलाइट भिंतीवर मारून जुळवा. मागचा भाग जास्त खाली आला असेल तर उजेड वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, एक चाक ठोकळ्यावर चढवून टायर कुठे घासतो का तेही बघा.

८. बोनेट निवडताना

बोनेट नेहमी शेवटी. आधीच्या कामात इंजिनावर वाकावं लागतं, नवं बोनेट तेव्हा ओरखडे खातं.

बाजारात तीन प्रकार मिळतात : पत्र्याचं, फायबरचं आणि कार्बन फायबरचं. रोज वापरायच्या गाडीला मी पत्र्याचंच सुचवेन. चेपलं तर कुठलाही डेंटिंगवाला काढून देतो. फायबर हलकं असतं आणि त्यात हवे ते आकार मिळतात, पण घ्यायच्या आधी उलटं करून तीन गोष्टी बघा. कुलपाचा हूक बसतो तिथे आत लोखंडी पट्टी बसवलेली आहे का? बिजागऱ्यांच्या जागी नट नुसते चिकटवलेत की पट्टीत वेल्ड केलेत? खालची बरगड्यांची चौकट पूर्ण आहे की फक्त वरचा पापुद्रा आहे? हुकाच्या जागी लोखंड नसेल तर घेऊ नका. महामार्गावर वाऱ्याने बोनेट उघडून काचेवर आदळतं ते अशाच बोनेटचं.

तुमच्या इंजिनाच्या माथ्यावर इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) असेल आणि मूळ बोनेटला त्यासाठी हवेचं तोंड असेल, तर सपाट बोनेट घेऊ नका. इंटरकूलरला हवा मिळाली नाही की गाडी चढाला दम टाकते. याच्या उलट, नुसत्या दिखाव्यासाठी भोकं पाडलेलं बोनेट घ्याल तर पावसाचं पाणी कुठे पडणार ते बघा. आपल्याकडचा, विशेषतः गगनबावडा-राधानगरी पट्ट्यातला पाऊस तासन् तास थांबत नाही. भोकाखाली फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर किंवा हवेचा फिल्टर येत असेल तर आतून पाणी वळवणारी पन्हळ करून घ्या, नाही तर बंद आकाराचं बोनेट घ्या.

९. बोनेट बसवणं

दोन माणसं हवीत, एकट्याने करायचं काम नाही. दोन्ही मडगार्डच्या कडांना जाड मास्किंग टेप लावा. जुन्या बिजागऱ्यांची कडा मार्करने आखून घ्या. काच धुणाऱ्या पाण्याची नळी आणि अलार्मची वायर आधी सोडवा, त्या ओढल्या गेल्या की तुटतात.

नवं बोनेट रंग न देताच बसवून बघा. मापात थोडंफार कमी-जास्त निघतंच. कडा घासाव्या लागल्या, तर रंगाच्या आधी घासलेल्या बऱ्या. रंगवून आणलेलं बोनेट बसत नाही म्हणून परत घासायची वेळ अनेकांवर येते.

जुळवणीचा क्रम असा : आधी बिजागऱ्या, मग कडेचे रबरी टेकू, सगळ्यात शेवटी कुलूप. पहिल्यांदा बंद करताना कुलपाचा हूक काढूनच ठेवा. हूक तिरका अडकून बोनेट बंद झालं, तर ते उघडायला पुढची जाळी फोडावी लागते. दोन्ही बाजूंची फट सारखी आली, पुढची कडा दिव्यांशी बरोबर आली, की हूक बसवा आणि हळू दाबून बंद करा. आपटायचं नाही. उघडायची केबल दहा वेळा ओढून बघा, दुसरा सुरक्षा हूकही अडकतोय ना ते बघा.

मूळ बोनेटला गॅसचे दांडे असतील आणि नवं बोनेट हलकं असेल, तर ते दांडे त्याला वाकवतात. कमी ताकदीचे दांडे घ्या किंवा साधी टेकूची सळई लावा. फायबरच्या बोनेटला मी बाहेरून दोन हूड पिनाही लावेन.

रंगाबद्दल थोडक्यात : फायबरवर आधी घासकाम, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. रंगवाल्याला हे फायबर आहे म्हणून आधीच सांगा. पत्र्याच्या तापमानाला भट्टीत तापवलं तर ते वाकडं होतं. मूळ रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, डोळ्याने रंग जुळवू देऊ नका.

१०. पहिले काही आठवडे

पहिल्या दिवशी रिकामी गाडी, मग चार माणसं बसवून, मग हौद्यात थोडा माल टाकून चालवा. प्रत्येक वेळी खाली वाकून टायर, ब्रेकचे पाइप आणि सायलेन्सर कुठे घासल्याची चमक दिसते का बघा. हातब्रेकची केबल आणि मागचा ब्रेकचा रबरी पाइप कुठे ताणले किंवा दबले जात नाहीत ना, हेही.

काही शे किलोमीटर झाले की यू-बोल्टचे नट परत टॉर्क रेंचने तपासा. कमान बसते, नट सैल पडतात. चाकाच्या मध्यापासूनची चारही मापं परत घ्या आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. एका बाजूला फरक दिसला तर त्या बाजूचा पाटा बसलाय.

जुनी स्प्रिंग, जुनं बोनेट, बिजागऱ्या सगळं तेल लावून, पोत्यात बांधून ठेवा. गाडी विकताना किंवा आरटीओने मूळ रूपात आणायला सांगितलं तर तेच लागतं. परवानगीचा कागद, बिलं, अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट आणि विमा कंपनीचं उत्तर यांच्या प्रती गाडीतच ठेवा, मूळ कागद घरी.